वाराबाहेरचं पाणी

परवा सकाळी नगरपरिषदेची रिक्षा गल्लीतून गेली. टपावर भोंगा आणि त्यात दरवर्षीच्याच बाईचा ध्वनिमुद्रित आवाज. आमच्या चढावरच्या खड्ड्यात रिक्षा आपटली आणि भोंग्याची वायर सुटली, त्यामुळे "एक दिवसाआड" एवढेच दोन शब्द कानावर पडले. बाकीचं कोणालाच विचारावं लागलं नाही. समोरच्या घरातून ड्रम सरकवल्याचा आवाज आला. पाणीकपात सुरू झाली.

मुलांनो, तुम्ही जिथे राहता तिथे नळाला दोन बाजू असतात, एक गरम आणि एक गार. आमच्या नळालाही दोनच बाजू, येतंय आणि गेलं. पाणी यायच्या आधी नळ खोकतो. आधी हवा येते, मग गढूळ चूळ, मग करंगळीएवढी धार, आणि ती धार अंगठ्याएवढी होईपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून उभं असतं. तुमच्या आईला लहानपणी झोपेतून उठवायला मी कधी हाक मारली नाही. नळ खोकला की ती आपोआप उठून बसायची.

चैत्र-वैशाखातले हे दिवस मला एरवी आवडतात. वाणगावच्या रस्त्याला ताडगोळेवाल्या बायका बसतात, सोललेला ताडगोळा हातावर ठेवला की तळवा गार होतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला तर सातपाटीच्या सुक्या बोंबलांचा वास दोन पावलं पुढे येतो आणि थांबतो. वारा फिरला की बोईसरच्या कारखान्यांचा वास, घशाला आंबट लागणारा. आमच्याकडची पाणी साठवायची निळी पिंपंसुद्धा तिकडचीच आहेत. त्यांत पूर्वी काय होतं ते कोणी विचारत नाही. लेबल खरवडायचं, चार दिवस चिंचेच्या पाण्याने घासायचं आणि वापरायला काढायचं. या गावातली निम्मी घरं अशा पिंपांवर उन्हाळा काढतात.

तर हे पत्र दोन वर्षांपूर्वीच्या अशाच उन्हाळ्याबद्दल आहे. तो उन्हाळा मी तुम्हाला फोनवर सांगितला होता, पण अर्धाच. मी जिंकले तेवढाच भाग सांगितला होता.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत वेळेला फार मान होता. लग्न होऊन मुंबईहून इथे आले तेव्हा सासरच्या वाडीत चिकूची झाडं होती, पानवेली होत्या आणि स्वतःची विहीर होती, त्यामुळे नगरपरिषद नावाच्या गोष्टीशी माझी गाठ पडली नाही. पुढे वाडी वाटण्यांत गेली आणि आम्ही या गल्लीत घर बांधलं. गल्लीतही एक विहीर होती. तिचं पाणी मचूळ, पण होतं. तिच्यावर नगरपरिषदेने स्लॅब टाकला आणि त्या स्लॅबवर आता गणपतीचा मंडप उभा राहतो. त्यानंतर आमच्या सगळ्यांच्या पाण्याचं भवितव्य एका माणसाच्या हातातल्या लोखंडी चावीवर आलं.

त्या माणसाचं नाव काशिनाथ. तो गल्ल्यागल्ल्यांत जाऊन रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलतो, त्यात कमरेएवढी लांब चावी घालतो आणि गोल फिरवून पाणी सोडतो. त्याच्या आधी त्याचे वडील हेच करत. सायकलच्या दांडीला ती चावी आडवी बांधून तो येताना दिसला की बायका चेहरा पाहत नसत, चावी पाहत.

त्या वर्षीही नेहमीचेच वार ठरलेले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमची गल्ली. मंगळवार, गुरुवार, शनिवार मागची कुंभारआळी. रविवारी कोणीच नाही. वेळ सकाळी सहा ते सात. हे मला नगरपरिषदेच्या फलकावरून कळलं. प्रत्यक्षात सोमवारी सहा चाळीसला, बुधवारी नऊला, आणि एका शुक्रवारी तर काहीच नाही. त्या शुक्रवारी मी कळशी घेऊन सव्वा तास नळापाशी उभी होते. मग शेजारणीकडून कळलं की कुंभारआळीत पाणी चालू आहे. आमच्या वारी, त्यांच्याकडे!

मी तक्रार केली. आधी मोबाईलवरच्या ॲपवर. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तक्रार निकाली". सोबत एका वाहत्या नळाचा फोटो. तो नळ आमच्या गल्लीतला नव्हता. त्याच्या मागे नारळाचं झाड होतं, आणि आमच्या गल्लीत नारळाचं झाड नाही. हे मी पुन्हा ॲपवर कळवलं. तीही तक्रार निकाली निघाली, त्याच फोटोसकट.

मग कचेरीत गेले. तुम्ही कधी आलात तर तुम्हाला ती कचेरी दाखवीन. खाली बाकडं, बाकड्यावर दाखल्यांसाठी आलेली माणसं, वर पंखा, आणि पंख्याच्या बरोब्बर खाली रिकामी खुर्ची. "साहेब साइटवर गेलेत." मी चार वेळा गेले आणि साहेब चारही वेळा साइटवर होते. कुठल्या साइटवर, असं विचारल्यावर आवक-जावकच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे इतक्या दयेने पाहू लागली की मीच ओशाळले.

सरावलीत राहणारा आमचा इलेक्ट्रिशियन मला म्हणाला होता, "माताजी, लिख के दो. बोलने से कुछ नहीं होता." ते मला पटलं. लिहिणं हे माझं क्षेत्र. मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. सोबत तक्ता जोडला. वार, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. सात आठवड्यांचा. खाली मागण्या, वेळांची नोंद, चावीवर देखरेख, वाराबाहेर पाणी नाही. शेऱ्याच्या रकान्यात दोन शुक्रवारांपुढे मी लिहिलं होतं, "आमच्या वाराचे पाणी कुंभारआळीस दिले. कारण अज्ञात." प्रती मुख्याधिकाऱ्यांना, पाणीपुरवठा विभागाला आणि प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना. चारही प्रतींवर पोच घेतली.

आणि काय आश्चर्य, त्याच सुमारास पाणीपुरवठ्याला नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, शर्ट खोचलेला. त्यांनी तो तक्ता वाचला. मला बोलावून घेतलं, पंख्याखालच्या त्या खुर्चीत स्वतः बसून. म्हणाले, "मॅडम, असा अर्ज मी पहिल्यांदाच पाहिला. सगळ्यांनी अशी तक्रार केली तर आमचं काम सोपं होईल."

आठवड्याभरात गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर प्लास्टिकमध्ये मढवलेलं वेळापत्रक लागलं. काशिनाथने चेंबर उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ वहीत लिहून सही करायची. फेरी संपली की चावी कचेरीत जमा करायची, साहेबांच्या कपाटात. वाराबाहेर व्हॉल्व्ह उघडायचा नाही, लेखी आदेशाशिवाय तर मुळीच नाही. हे सगळं त्या कागदावर होतं, आणि जवळजवळ माझ्याच शब्दांत.

त्या खांबासमोर उभी राहून काढलेला माझा फोटो तुमच्याकडे आहे. "आजी रॉक्स" असं तुम्ही त्याखाली लिहिलं होतंत.

तीन आठवडे सहाच्या ठोक्याला पाणी आलं. गल्लीच्या टोकाला, चढावर, हिराचं घर आहे. पाणी तिच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतं. हिरा मूळची सातपाटीची. तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली, आता गुडघ्यांमुळे घरूनच विकते. ती मला वयनी म्हणते आणि माझ्या वक्तशीरपणाची चारचौघींत नक्कल करते. मी नसताना करते असं नाही, मी असतानाच करते. त्या तीन आठवड्यांत ती एक दिवस दोन सरंगे घेऊन आली. म्हणाली, "घ्या. तुमचा इंग्लिश पहिल्यांदाच आमच्या कामाला आला."

काशिनाथ मात्र माझ्याशी बोलेनासा झाला. पूर्वी फाटकाशी थांबून तो आजोबांच्या जांभळाच्या झाडाची चौकशी करायचा, चार जांभळं खिशात टाकायचा. आता यायचा, चावी फिरवायचा, वहीत लिहायचा, जायचा. मला वाटलं, कामचुकार माणसाला शिस्त लागली की असंच होतं. तेव्हा मला खरंच हेच वाटलं होतं.

मग एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला हिराची सासू गेली. नव्वदीची होती, दोन महिने अंथरुणावर. कोणाला धक्का बसावा असं मरण नव्हतं. हिराने डोळे पुसले आणि सातपाटीला फोन केला. तिकडून माणसं निघाली, दोन टेम्पो भरून. दुपारी तीनला उचलायचं ठरलं.

तुम्हाला हे सांगायला हवं. आपल्याकडे घरातून मयत गेलं की घर धुतात. मागे राहिलेल्या बायका अंघोळ करतात. स्मशानातून परत आलेली माणसं दारातच अंगावर पाणी घेतात आणि मगच आत पाऊल टाकतात. तोवर कोणी कोणाला शिवत नाही, चूल पेटत नाही, पोरंसुद्धा बाहेर थांबतात. आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं. असेल. पण आईला पोचवून आलेला मुलगा स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभा आहे आणि आत जाऊ शकत नाही, हे दृश्य जुनं होत नाही.

हिराकडे दोन पिंपं. त्यातलं एक तळाला गेलेलं. गुरुवार, म्हणजे कुंभारआळीचा वार. बुधवारचं पाणी लोकांनी वापरून संपवलेलं.

गल्लीतली माणसं मला शांत दिसली, याचं मला नवल वाटलं. कोणी पाण्याचं बोलत नव्हतं. कोणीतरी काशिनाथला निरोप धाडला होता, तेवढंच. थोड्या वेळाने काशिनाथ सायकलवरून आला. बायकांनी सवयीने सायकलच्या दांडीकडे पाहिलं. दांडीला चावी नव्हती.

तो हिराच्या दारात गेला, म्हातारीला नमस्कार करून आला आणि चेंबरच्या झाकणावर उभा राहिला. म्हणाला, चावी कपाटात आहे, साहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेलेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. फोन लागत नाही. कचेरीतल्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, आज त्यांचा वार नाही आणि लेखी आदेशही नाही. टँकर मागितला. टँकरला अर्ज लागतो, त्यावर नगरसेवकांचं पत्र लागतं, आणि मग टँकर उद्या.

मी पुढे झाले. मी त्याला म्हटलं, पण अशा वेळी पाणी मिळण्याची काहीतरी सोय असेलच ना?

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकून.

"होती ना, बाई. मीच होतो सोय. माझा बाप होता. कोनाच्या दारात मयत झाला की त्या गल्लीत तासभर पानी सोडायचा, वार कोनाचा का असंना. ज्यांचा वार गेला ते एक दिस गप बसायचे. आमी कोनाला सांगितला नाय, कोनी इचारला नाय." मग थांबून म्हणाला, "तुमच्या कागदात दोन शुक्रवार लिवलेत. दोन्ही दिशी कुंभारआळीत मयत होता."

कारण अज्ञात. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

मला तिथे उभ्या उभ्या एक दुपार आठवली. आजोबा गेले तेव्हाही वैशाखच होता. तुम्ही फोनच्या पडद्यावर होतात, तुमचं चित्र सारखं गोठत होतं. आजोबांना नेलं, आणि मागच्या अंगणातला नळ एकाएकी खोकला. मंगळवार होता, दुपारचे तीन. हिरा पदर खोचून हौद भरत होती, कोणी माझ्यासमोर बादली ठेवली, कोणी माझ्या खांद्यावर तांब्या ओतला. माणसं परत आली तेव्हा दारात चार बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही, पण नळ ऐकून मनात काय आलं ते लख्ख आठवतं. या नगरपरिषदेला आजसुद्धा वेळ कळत नाही, असं मनात आलं होतं.

त्या मंगळवारी कुंभारआळीतल्या कोणीतरी रिकामी कळशी घेऊन नळापाशी उभं राहून मग घरात परतलं असेल. त्यांनी अर्ज लिहिला नाही.

माझ्या गच्चीवर टाकी आहे. मी फाटक सताड उघडलं आणि बागेचा पाइप काढला. टाकीत निम्मं पाणी होतं. गल्लीतून हंडे, बादल्या, कळश्या आल्या. घर धुऊन झालं, बायकांची अंघोळ झाली, आणि पाइपने हवा ओढली. स्मशानातून साठ-सत्तर माणसं परत यायची होती. प्रत्येक घराने आपलं पिण्याचं पाणी बाहेर काढलं. हिराच्या नवऱ्याने, मुलाने आणि त्याच्या सातपाटीच्या भावांनी दारात उभं राहून एकेक तांब्या घेतला. मागच्या माणसांना अर्धा, त्याहून मागच्यांच्या नुसत्या हातापायांवर. काही म्हातारे टेम्पोत तसेच चढून बसले. सातपाटीला जाऊन समुद्रात बुडी मारू म्हणाले.

मी हिराजवळ गेले. मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली.

"जाऊ दे, वयनी. तुमचा कागद खरा हाय. म्हातारीच चुकीच्या वारी गेली."

बाया खाली बघून हसल्या. मीही हसले असते तर बरं झालं असतं. ते वाक्य मी अजून बरोबर घेऊन फिरते.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला पाणी आलं. अंगठ्याएवढी धार.

मी दुसरा अर्ज लिहिला. मागणी साधी होती. गल्लीत मृत्यू झाल्यास त्या दिवशी तासभर पाणी सोडण्याची मुभा काशिनाथला असावी आणि चावी त्याच्याकडेच राहावी. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नाही, हे मला सांगायचं आहे. ते म्हणाले, "मॅडम, भावना समजते. पण कोणत्या नियमाखाली?" मी म्हटलं, आजवर ज्या नियमाखाली चालत होतं त्या. ते म्हणाले, तो नियम दाखवा. मग त्यांनीच तोडगा सुचवला, अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला तर विचार करता येईल. मी विचारलं, दाखला किती दिवसांत मिळतो? त्याच इमारतीत, खालच्या बाकड्यांवर, दाखल्यांसाठी माणसं बसली होती. साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि तो फाइलीत ठेवला.

अर्ज "अभिप्रायासाठी" गेला. कोणाच्या अभिप्रायासाठी, ते दोन वर्षांत कळलेलं नाही. मी दर महिन्याला जाते. आवक-जावकची मुलगी आता मला चहा देते. पहिला अर्ज आठवड्यात मंजूर झाला, कारण तो काहीतरी बंद करायला सांगत होता. दुसरा अडला, कारण तो काहीतरी उघडायला सांगतो. एवढं निरीक्षण मी माझ्या शिक्षणातून काढू शकले. चिडचिड होते, मुलांनो. नगरपरिषदेवर होते, आणि ती पुरेशी झाली की स्वतःवर होते, आणि मग पुन्हा नगरपरिषदेवर. वेळापत्रक मागणं चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. सव्वा तास कळशी घेऊन उभं राहणं हा काही धर्म नव्हे. पण मागण्याआधी मी काशिनाथला एकदा, फाटकाशी, जांभळं देताना विचारू शकले असते, की बाबा, त्या शुक्रवारी पाणी कुठे गेलं होतं? चार प्रती काढल्या आणि हे एक वाक्य काढलं नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती फक्त घरात ठेवायची.

हिराचा मुलगा बोईसरला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे. मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर तो काशिनाथला घेऊन माझ्याकडे आला. गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उघडलं तर चावी. कमरेएवढी, नवी, वेल्डिंगचे डाग अजून निळे. हिराच्या घरी ठेवली तर लगेच संशय येईल, काशिनाथच्या घरी ठेवली तर नोकरी जाईल. मुलगा म्हणाला, "आजी, तुमच्याकडे कोनी बघनार नाय. तुमी तर नियमवाल्या." मी तिघांसाठी चहा टाकला. काशिनाथने बशीतून पिता पिता इतक्या महिन्यांत पहिल्यांदा जांभळाची चौकशी केली.

पडवीच्या दारामागे मी स्वतः खिळा ठोकला. त्यावर चावी टांगली आणि वर आजोबांची छत्री. फाटकाला रात्री कुलूप लावायचं मी तेव्हापासून सोडलं आहे.

ज्या बाईने चावी कपाटात ठेवायला लावली, तिच्याच दारामागे आता दुसरी चावी आहे. हे मला आवडत नाही. हे कागदावर असायला हवं, साहेबांच्या सहीने, उजेडात, आणि त्यासाठी मी येत्या सोमवारीही कचेरीत जाणार आहे.

आज शुक्रवार. आमचा वार. सहा वाजले, नळ खोकला नाही. सव्वासहा झाले. हंडे-कळश्या ओळीने मांडलेल्या होत्या. समोरच्या घरातली नवी सून बाहेर येऊन म्हणाली, "आजी, पाणी नाही आलं, तक्रार करायची का?" नुकतीच लग्न होऊन आली आहे, ठाण्याची आहे. हातात मोबाईल, ॲप उघडलेलं.

मी तिला थांब म्हटलं आणि पडवीत गेले. छत्री जमिनीवर टेकवून ठेवलेली होती, काळजीपूर्वक, भिंतीला. खिळा रिकामा होता.

मी परत आले, कळश्या उचलून आत ठेवल्या आणि त्या मुलीला म्हटलं, "आत ये, चहा टाकते. कुंभारआळीत कोण गेलं ते बघायला हवं."